नाना काय म्हणाले

राजा काय म्हणाला आणि लोकांनी काय ऐकलं, या दोहोंच्या मध्ये अडुमक्रोम गावात एक माणूस उभा असतो. त्याला ओचामे म्हणतात, आणि राजाला नाना. राजाशी कुणी थेट बोलायचं नाही आणि राजानेही दरबारात कुणाशी थेट बोलायचं नाही, ही इथली रीत. लोकांनी ओचामेला सांगायचं, ओचामेने राजाला. राजाने हळू आवाजात ओचामेच्या कानाशी बोलायचं, मग ओचामेने सोन्याचा मुलामा दिलेली काठी टेकवत उठायचं आणि ते बोलणं चार लोकांत शोभेल असं करून मांडायचं. राजा "त्या गाढवाला हाकला" म्हणाला, तर लोकांना ऐकू येतं की नानांना आता जरा विश्रांती हवी आहे. राजाला ठसका लागला तरी नानांचं मन भरून आलं असं सांगणारे ओचामे इथे होऊन गेले आहेत. शिवाय राजा कधी चुकत नाही. चूक निघालीच तर ती ओचामेच्या सांगण्यात झालेली असते, आणि त्याने ती मुकाट्याने पदरात घ्यायची असते.

सार्पोंग हे काम केस काळे होते तेव्हापासून करत होता. आता केस पांढरे झाले होते आणि जीभ जास्तच गुळगुळीत झाली होती. शेजारच्या गावांचे राजे आपल्या ओचामेंना त्याचं बोलणं ऐकायला पाठवत. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो लपवायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत.

त्याची पोटची मुलं इथल्या रीतीप्रमाणे बायकोच्या कुळाची. त्याच्या स्वतःच्या कुळातली, रक्ताची म्हणावी अशी एकच उरली होती: दुफी, त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी.

दुफीने पंचविशी ओलांडली होती, पण स्वतःचं म्हणून एक वाक्य ती कधी बोलली नव्हती. ती दुसऱ्यांची वाक्यं बोलायची आणि तीही ज्याची त्याच्या आवाजात. चढउतार, अडखळणं, शिंक, सगळ्यासकट. तिची आई आफ्रिये बाजारात केंकी विकायची. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे ते गोळे पानात बांधायचं काम दुफीकडे असायचं. बांधता बांधता ती गिऱ्हाइकाला आईच्या आवाजात सांगायची, "हळू गं, हात भाजेल." एखादी बाई फार वेळ चकाट्या पिटत उभी राहिली, की पाद्रीबुवांच्या घोगऱ्या आवाजात "आता शांतीने आपापल्या घरी जा" असं म्हणून तिची बोळवण करायची. बाई हसत निघून जायची, बाजारही हसायचा. पण हसणं वेगळं आणि माणसात धरणं वेगळं.

"पोपट आहे नुसता," लोक म्हणायचे. सार्पोंगलाही मनातून तसंच वाटायचं. पोरीवर त्याचा जीव होता, पण तिच्या बोलण्यात काही असेल असं त्याला वाटत नव्हतं.

"ती नुसतं बोलत नाही रे दादा, निवडून बोलते," आफ्रिये म्हणायची.

"हो, हो," सार्पोंग म्हणायचा. आईच्या वेड्या मायेला कोण काय सांगणार?

गावातली जुनी माणसं अशा मुलांना नदीची पोरं म्हणत. नदीने उसनी दिलेली, नदी कधीतरी परत नेणार अशी. दुफी लहान होती तेव्हा दोघी म्हाताऱ्या आफ्रियेकडे येऊन बसल्या आणि नदीचं देणं वेळेत परत केलेलं बरं, असं गोड आवाजात सांगू लागल्या. आफ्रियेने चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि दोघींना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आली. पुन्हा कुणी त्या घरात तो विषय काढला नाही.

बंदी मात्र राहिली. राजवाड्याच्या अंगणात पूर्वजांच्या आसनांची खोली आहे. त्या अंगणात नदीच्या पोराने पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर मेंढा कापून अंगण शुद्ध करायचं. आणि अडुमक्रोममध्ये माणसाच्या आयुष्यातलं जे जे मोठं, ते सगळं त्याच अंगणात होतं.

आफ्रिये पोटाच्या दुखण्याने गेली, तेव्हा तिचं मयतही त्या अंगणात मांडलं. मुलीची जागा पुढच्या ओळीत, आईच्या उशाशी. ती जागा रिकामी ठेवली होती. काळं-तांबडं नेसून सगळं कुळ जमलं होतं, बायका रडत होत्या, आणि सार्पोंग नानांच्या वतीने बहिणीचे गुण गात होता. इतकं सुंदर बोलला की परगावची माणसंही डोळे पुसत होती. दुफी त्या वेळी दवाखान्यात, नर्स अचिआच्या खोलीत बसली होती.

तो तिला आणायला गेला तेव्हा ती खिडकीशी होती. त्याच्याकडे न बघता ती आफ्रियेच्या आवाजात म्हणाली, "मी बाजारातून येतेच. दार लावू नकोस."

सार्पोंग तिथेच स्टुलावर बसला आणि अंगणात न आलेलं रडू त्याला तिथे आलं. नर्स अचिआ पाठमोरी उभी राहून गोळ्यांच्या बाटल्या लावत राहिली. दुफी मामाच्या घरी राहायला आली, आणि त्या घराचं दार दिवसभर उघडं राहू लागलं, कारण कुणी लावलं की ती उठून उघडायची.

अचिआ मूळची किनाऱ्याकडची, सडेतोड बोलणारी. त्या दिवसापासून तिने जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. सरकारचं धोरण होतं, कागद होते, भाषणं होती. अशा मुलांना-माणसांना शाळेत, बाजारात, चर्चमध्ये, दरबारात जागा असावी, आणि ती आहे असं गावाने सगळ्यांसमोर जाहीर करावं, असं त्यात लिहिलं होतं. जाहीर करायला पहिलं गाव मात्र कुणी होत नव्हतं. "आपण होऊ या," अचिआ म्हणाली. नानांना कल्पना पटली की राजधानीतून उपमंत्रीणबाई येणार हे पटलं, ते सांगणं कठीण आहे. पण ते हो म्हणाले.

अडचण आली ती शब्दाची. सरकारी कागदावरचा शब्द इतका लांब होता की तो उच्चारेपर्यंत मेंढा कापून, शिजवून झाला असता. आणि इथल्या ट्वी भाषेत त्यासाठी होत्या त्या नुसत्या शिव्या. राजवाड्याचे कारभारी बाफो म्हणाले, "एवढा खल कशाला? वेडे म्हणा. सगळ्यांना कळतं."

"मग मंत्रीणबाईंना काय सांगायचं, कारभारी?" अचिआ म्हणाली. "अडुमक्रोमने आपल्या वेड्यांचा सत्कार केला? आणि पुढच्या खुर्चीवर तुम्हाला बसवलं?"

बाफोंनी तोंड वाकडं केलं. नानांनी सार्पोंगकडे बघितलं. शब्दांचं काम म्हणजे त्याचंच.

सार्पोंग बरेच दिवस तो शब्द तोंडात घोळवत होता. जेवताना घास हातात धरून थांबायचा. शेवटी एके दिवशी दुफी बाजारातून येताना त्याने बघितली. सगळे रस्त्याने येतात, ती गटाराच्या कडेने, एकेका दगडावर पाय देत येत होती, नेहमीसारखीच. पोचली मात्र सगळ्यांबरोबरच. तेव्हा त्याला शब्द सापडला: आपल्या वाटेने चालणारं डोकं. अचिआने तो ऐकला आणि चेष्टामस्करी विसरून त्याचा हात धरला. जिल्ह्याच्या कागदावर तो शब्द चढला, शाळेच्या भिंतीवर रंगवला गेला. सार्पोंग त्या भिंतीसमोरून मुद्दाम वाट वाकडी करून जायचा.

पण त्याला खरं हवं होतं ते वेगळंच. आफ्रियेचं वर्षाचं जवळ आलं होतं. वर्षाचा तो विधी झाला की गेलेलं माणूस पूर्वजांत जाऊन बसतं, आणि त्याची जागा त्याच्या लेकीने पुढच्या ओळीत बसून मोकळी करून द्यायची असते. मयताच्या वेळी जे राहिलं, ते त्या दिवशी तरी व्हावं. दुसरी संधी नव्हती. वर्षाचं दोनदा होत नाही.

दरबाराच्या आधी त्याने नानांना एकट्यात गाठलं.

"नाना, एक विचारू? आफ्रियेच्या वर्षाला पोर पुढं बसेल ना?"

नाना अमोआतेन म्हातारे झाले होते. गुडघे दुखायचे, पण ओट्यावर पाय पसरून बसलेलं कुणाला दिसू द्यायचे नाहीत. ते गुडघा चोळत म्हणाले, "दरबारात जाहीर व्हायचंय ते होईल, सार्पोंग."

याचा अर्थ काहीही होत होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी शब्दांत साखर घालणाऱ्याने या खेपेला स्वतःसाठी घातली. तो घरी आला आणि दुफीला म्हणाला, "बसायचं हं आईच्या वर्षाला. पुढं बसायचं." दुफीने ते त्याच्याच आवाजात परत म्हटलं. त्याला हसू आलं.

दरबाराच्या दिवशी अंगण पांढऱ्या-निळ्या कापडांनी भरून गेलं. राजाची मोठी छत्री उघडली, खाली नाना बसले. उजवीकडे वडीलधारे, डावीकडे पाहुणे. उपमंत्रीणबाई, जिल्ह्याचे साहेब, फोटोवाले, आणि मागच्या कडेला अचिआ. मोठे ढोल भिंतीला टेकवून ठेवले होते. दुफीला ढोल सोसत नाहीत म्हणून ते आज वाजणार नव्हते. नानांनी हे मान्य केलं होतं, पण सकाळपासून दोनदा तरी पुटपुटले होते, "ढोलाशिवाय दरबार म्हणजे मिठाशिवाय सूप." सार्पोंगने लोकांना सांगितलं की आज नानांना आपल्या प्रजेचा श्वास ऐकायचा आहे.

पाहुण्यांसाठी जिल्ह्याने माइक आणि भोंगा आणला होता. माइक सार्पोंगपुढे एका दांड्यावर उभा केला होता. ओचामेला माइक कधी लागला नव्हता. त्याचा गळाच पुरायचा. कुणीतरी येऊन त्याचं बटण दाबून गेलं होतं.

मग दुफी आली. अचिआने तिला अंगणाच्या दारापर्यंत आणलं आणि सोडलं. पांढरं कापड नेसलेली दुफी उंबऱ्याशी थांबली, खाली वाकून उंबऱ्याचं लाकूड बोटांनी चाचपलं आणि आत पाऊल टाकलं. दोन-चार म्हाताऱ्यांनी तोंडावर हात घेतला. ती भिंतीच्या कडेकडेने चालत आली आणि मामाच्या शेजारी, त्याच्या काठीजवळ, खालच्या आसनावर बसली. सार्पोंगची छाती भरून आली. ही पोर जन्मल्यापासून जे व्हायला हवं होतं ते आत्ता घडलं, आणि बघायला आफ्रिये नाही, असं त्याला वाटलं.

नाना त्याच्या कानाशी झुकले.

दुफी हाताच्या अंतरावर होती. पण तिच्यासमोर बोलताना कुणी आवाज खाली घेत नसे. भिंतीसमोर बोलावं तसंच तिच्यासमोर बोलायची सवय सगळ्या गावाला होती, मग नाना त्याला अपवाद कसे असणार?

"फोटो काढू दे त्यांना," नाना म्हणाले. "मग बाई गेल्या की बाफोला सांग, मेंढा कापून अंगण शुद्ध करून घे. आणि वर्षाला पोर घरी ठेव. पुढं नको. पूर्वजांना मी काय सांगू?"

सार्पोंग काठी टेकवून उठला. पायांनी त्याला उठवलं, कारण नाना बोलले की उठायचं हे पायांना माहीत होतं.

"नाना म्हणतात," त्याचा आवाज अंगणभर गेला, "आजपासून हे अंगण आपल्या सगळ्या लेकरांचं आहे. जे रस्त्याने चालतात त्यांचं, आणि ज्यांचं डोकं आपल्या वाटेने चालतं त्यांचंही. आपले पूर्वज दारात उभे राहून या मुलीची वाट बघत होते, असं नाना म्हणतात."

टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरलं होतं, म्हणून लोकांनी हात वर करून हलवले. उपमंत्रीणबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. फोटोवाले पुढे सरसावले. सार्पोंग खाली बसला. तो मनाशी म्हणत होता, नंतर बघू. आत गेल्यावर नानांचे पाय धरू. दहा गोष्टी अशाच मार्गी लावल्या आहेत, ही पण लावू. एवढं चांगलं तो आजवर कधी बोलला नव्हता, आणि भाचीकडे बघणं तो टाळत होता.

तेवढ्यात भोंग्यातून नानांचा आवाज आला.

"फोटो काढू दे त्यांना. मग बाई गेल्या की बाफोला सांग, मेंढा कापून अंगण शुद्ध करून घे."

लोकांनी नानांकडे बघितलं. नानांचं तोंड मिटलेलं होतं. आवाज मात्र त्यांचाच होता, दरबारात कधीही कुणाला ऐकू न येणारा, घरातला, थकलेला. छत्री फिरवणाऱ्याचे हात थांबले.

"आणि वर्षाला पोर घरी ठेव. पुढं नको. पूर्वजांना मी काय सांगू?"

दुफी आपल्या कापडाच्या काठातला दोरा बोटाभोवती गुंडाळत होती. माइक तिच्या डोक्यावर वीतभर होता.

उपमंत्रीणबाई वळून जिल्ह्याच्या साहेबांना हे काय म्हणून विचारू लागल्या. साहेब हातातले कागद चाळू लागले. कारभारी बाफो ताडकन उठले.

"वेडी आहे ती!" ते ओरडले. "बाजारात पाद्रीबुवांची नक्कल करते, सगळ्या गावाला ठाऊक आहे. कुठलं ऐकलेलं कुठं चिकटवते. अर्थ नसतो त्याला! सांग ना रे, ओचामे! तुझीच भाची आहे. सांग पाहुण्यांना, पोर अर्थाचं काही बोलत नाही म्हणून."

सगळं अंगण सार्पोंगकडे बघू लागलं. नाना त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर समोर, कुठेच नसलेल्या जागी लागली होती.

एक वाक्य पुरलं असतं. त्यात फार खोटंही नव्हतं. तो स्वतःच इतकी वर्षं तसं मानत आला होता. नानांची अब्रू राहिली असती. जाहीर केलेलं जाहीर राहिलं असतं, कागदावर शिक्का बसला असता, दुसऱ्या गावांतल्या मुलांना त्याचा उपयोग झाला असता. आणि आत जाऊन पाय धरता आले असते. फक्त एवढंच झालं असतं, की ज्याने त्या डोक्याला नाव दिलं त्यानेच त्याच दिवशी, त्याच माइकवरून, त्या डोक्यात काही नाही असं सांगितलं असतं. त्याचं तोंड उघडलंही होतं.

"दादा," शेजारून आफ्रियेचा आवाज आला, "असं कुठं म्हणाले ते?"

सार्पोंग वळला. दरबार आटोपून घरी आल्यावर तो बहिणीच्या चुलीशी बसायचा आणि आज नाना काय बोलले ते रंगवून सांगायचा. आफ्रिये सूप ढवळता ढवळता हसायची आणि हेच म्हणायची. हे त्या चुलीबाहेर कुणी कधी ऐकलं नव्हतं. दुफीच्या डोक्यात आईची हजारो वाक्यं असतील: हात भाजेल, दार लावू नकोस, पानं नीट पुस. त्यातलं तिने हे काढलं होतं. आत्ता, त्याच्याकडे बघून. ती कुणाच्याही तोंडाकडे कधी बघत नसे, पण आत्ता त्याच्या हनुवटीकडे बघत होती.

निवडून बोलते रे दादा.

सार्पोंग उठला. त्याने वहाणा काढल्या आणि खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत खाली घेतलं, राजापुढे गुन्हेगार उभा राहतो तसं.

"नाना, पाहुणे, गाव," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका साधा निघाला की मागच्यांना तो त्याचा वाटला नाही. "या मुलीने ऐकलं ते सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बदललं ते मी."

"म्हणजे नाना चुकले म्हणतोस तू?" बाफो गरजले. "चारचौघांत?"

"नाना चुकतात असं मी म्हणत नाही, कारभारी. नाना तसं म्हणाले, एवढंच म्हणतो."

ओचामेपण सोडत त्याने काठी दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली. ती घ्यायची तर कारभारी म्हणून बाफोंनी घ्यायची. बाफोंनी नानांकडे बघितलं. नानांनी बोटही हलवलं नाही. काठी तशीच त्याच्या हातांवर राहिली.

बऱ्याच वेळाने नाना उठले. राजा उठला की सगळ्यांनी उठायचं असतं, म्हणून सगळं अंगण उठलं, मंत्रीणबाईसुद्धा. दुफी बसूनच राहिली. छत्रीवाला गोंधळून छत्री पुढे घेऊ लागला. नाना सावकाश तिच्यासमोर आले, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून सगळ्यांदेखत वाकले. अडुमक्रोमच्या राजाला वाकलेलं त्या अंगणात कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी तिला हात लावला नाही. माइककडे एकदा बघून तो हाताने बाजूला सारला, आणि तिच्या कानाशी हळू काहीतरी बोलले.

सार्पोंग दोन पावलांवर होता. त्याला सगळं ऐकू आलं, आणि त्याने आडवी धरलेली काठी जमिनीला टेकवली.

नाना परत जाऊन बसले. लोक बसले. सार्पोंगही बसला.

आता नाना काय म्हणाले ते कुणीतरी सांगायला हवं होतं. राजा बोलला आणि ते लोकांपर्यंत पोचलं नाही, तर दरबार पुढे सरकत नाही, कुणी उठू शकत नाही. सगळे ओचामेकडे बघू लागले. जिल्ह्याच्या साहेबांनी त्याला डोळ्यांनी खुणावलं. सार्पोंगने ओठ मिटून घेतले. ते शब्द त्याच्याकडे दिलेले नव्हते.

मग हळूहळू लोकांना कळलं की ते कुणाकडे दिले आहेत, आणि नजरा दुफीकडे वळल्या.

दुफीने दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. सकाळी ऐकलेलं ती कधी लगेच म्हणायची, कधी दुसऱ्या दिवशी, कधी महिन्याने. बाजाराला हे माहीत होतं. ऊन छत्रीखालून सरकत नानांच्या पायांवर आलं. मंत्रीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं. अचिआने मागून पुढे होऊन त्यांना काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि पुन्हा मनगटाकडे बघितलं नाही. एक बाळ रडलं, त्याला आईने पदराखाली घेतलं. बाफो एकदा उठू लागले. नानांनी तळहात नुसता खाली केला आणि ते बसले. "लवकर बोल" असं तिला कुणीही म्हणालं नाही. अख्खं गाव राजासह एका पोरीच्या बोलण्यासाठी थांबलेलं होतं, आणि हे थांबणं सार्पोंगला त्या कागदावरच्या शिक्क्यापेक्षा खरं वाटत होतं.

शेवटी दुफीने दोरा सोडला. माइक बाजूला होता, पण अंगण इतकं गप्प होतं की त्याची गरज पडली नाही.

"पोरी," ती नानांच्या आवाजात म्हणाली, त्यांच्याच धापेसकट. "माझं चुकलं. हे मला म्हणता येत नाही, आणि हा सार्पोंग ते कुणाला सांगणार नाही. आईच्या वर्षाला पुढं बस. मेंढा नको कापायला. पूर्वजांना काय सांगायचं ते मी बघतो."

कुणी हात हलवले नाहीत. नाना खाली बघत होते. त्यांची हनुवटी छातीला टेकली होती.

नाना बोलले होते, म्हणून रीतीप्रमाणे सार्पोंग काठी टेकवून उठला. ते बोलणं चार लोकांत शोभेल असं करून मांडायचं होतं. त्याने तोंड उघडलं. लोक वाट बघू लागले. पण त्यात घालण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. तो दुफीच्या शेजारी खाली बसला.